एच-१बीवर असताना लग्नामुळे ग्रीन कार्ड: भारतात आधी जाऊ की नंतर?

मंडळी, मदत हवी आहे. मी अमेरिकेत एच-१बीवर (कंपनीमार्फत मिळणाऱ्या कामाच्या व्हिसावर) नोकरी करतो. बायको अमेरिकन नागरिक, लग्न इथेच कोर्टात झालं. आय-१३० (बायकोने माझ्यासाठी भरायचा अर्ज) आणि आय-४८५ (माझा ग्रीन कार्डाचा अर्ज) एकत्रच भरणार आहोत. मेडिकलचं सीलबंद पाकीट हातात आहे, घराच्या करारावर दोघांची नावं आहेत, जॉइंट खातंही आहे. (त्यातून फक्त वीजबिल जातं, याला संसाराचा पुरावा मानतील का देव जाणे!)

खरा घोळ प्रवासाचा आहे. अर्ज प्रलंबित असताना अ‍ॅडव्हान्स परोलशिवाय (परत येण्याच्या आगाऊ परवानगीशिवाय) देशाबाहेर गेलं तर सहसा अर्ज सोडला असं धरतात. एच-१बीवाल्यांना सूट आहे, पण परतायला वैध व्हिसा लागतो. माझ्या पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलाय, आणि भावाचं लग्न तोंडावर आलंय. आधी भारतात स्टॅम्पिंग करून येऊन मग अर्ज भरू, की अर्ज भरून परोलची वाट बघू? कंपनीचा वकील एक सांगतो, आमचा दुसरंच.

ईएडी (अर्ज प्रलंबित असताना मिळणारा कामाचा परवाना) आलं तरी एच-१बी सोडू नये असं माझं मत. अर्ज फेटाळला गेलाच तर नोकरी तरी टिकेल. हल्ली यातून कुणी गेलं असेल तर कृपया सांगा, विशेषतः स्टॅम्पिंगच्या मुलाखतीत बायकोच्या नागरिकत्वाबद्दल काय विचारलं ते.