पगाराला कमाल मर्यादा घालणाऱ्या करारावर खेळाडूंची संघटना सही का करते?

धरमपेठकर (प्रश्न)

सोमवारी पहाटे उठून अमेरिकन फुटबॉलचे सामने पाहण्याची सवय मला मुलामुळे लागली. तिथल्या एनएफएल या लीगमध्ये 2025 च्या हंगामासाठी प्रत्येक संघाच्या वेतनखर्चाला 27 कोटी 92 लाख डॉलरची मर्यादा होती, हे त्यानेच सांगितले. रक्कम ऐकून मी फारसा चकित झालो नाही. चकित झालो ते ही मर्यादा मालकांनी एकतर्फी लादलेली नसून खेळाडूंच्या संघटनेने सही केलेल्या सामूहिक करारातून आलेली आहे, हे कळल्यावर. मी पंचवीस वर्षे विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेचा सभासद आहे. महागाई भत्त्यासाठी आणि वेतनवाढीसाठी झालेल्या कितीतरी द्वारसभांना मी उभा राहिलो आहे, पण पगार अमुक रकमेच्या वर जाणार नाही असे स्वतःहून लिहून देणारी संघटना मी अजून पाहिलेली नाही. त्यातच, इंग्लंडमधील फुटबॉलपटूंच्या संघटनेने अशीच मर्यादा संपाची नोटीस देऊन मोडून काढली होती, असेही वाचनात आले. एकाच प्रश्नावर दोन संघटनांनी अशा उलट भूमिका का घ्याव्यात, आणि आपल्याकडील तोट्यातल्या क्लबांना यातून काही घेण्यासारखे आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

सिव्हिल लाइन्सचे वकील

धरमपेठकर, या दोन भूमिका वरून उलट दिसतात, परंतु त्यांच्यामागचे तत्त्व मला एकच वाटते.

इंग्लंडमध्ये 1901 साली आठवड्याला 4 पौंडांची मर्यादा आली. ती संघाच्या एकूण खर्चावर नव्हती, तर प्रत्येक खेळाडूच्या पगारावर होती, आणि ती ठरवताना खेळाडूंना कोणी विचारले नव्हते. साठ वर्षांनी ती जेमतेम 20 पौंडांवर पोहोचली होती, आणि त्या काळात स्टेडियम कितीही भरले तरी त्या गर्दीचा पैसा खेळाडूंपर्यंत पोहोचण्याचा मार्गच नव्हता. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली संघटनेने संपाची तयारी केल्यावर जानेवारी 1961 मध्ये मर्यादा रद्द झाली, आणि लवकरच फुलहॅम क्लबच्या जॉनी हेन्स यांचा पगार आठवड्याला 100 पौंड झाला.

अमेरिकेतील गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथे 1982 चा संप 57 दिवस चालला. 1987 च्या संपात मालकांनी बदली खेळाडू उतरवून तीन आठवडे सामने खेळवले आणि संप मोडला. त्यानंतर संघटनेने जे केले ते कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाला विचित्र वाटेल: 1989 मध्ये तिने वाटाघाटी करणारी संघटना हा आपला दर्जाच सोडून दिला. यामागे कायद्याचा हिशोब होता. स्वतंत्र मालकांनी एकत्र बसून कामगारांच्या मोबदल्यावर बंधने घालणे हे तिथल्या मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही, परंतु तीच बंधने संघटनेशी झालेल्या करारातून आली तर त्यांना न्यायालय संरक्षण देते. संघटना बाजूला झाली की मालकांचे हे कवच जाते. 1992 मध्ये फ्रीमन मॅकनील आणि इतर खेळाडूंच्या खटल्यात ज्यूरीने लीगच्या बंधनांविरुद्ध निर्णय दिला, 1993 मध्ये करार झाला, आणि 1994 पासून मर्यादा लागू झाली.

या करारात खेळाडूंनी मर्यादा स्वीकारली आणि बदल्यात ठरावीक वर्षे खेळल्यावर दुसऱ्या संघाकडे जाण्याचे स्वातंत्र्य मिळवले. म्हणजे मालकांना मर्यादा हवी असेल तर संघटनेची सही लागते, आणि त्या सहीला किंमत असते. इंग्लंडमध्येही हे 2020 साली पुन्हा दिसले. खालच्या दोन विभागांतील क्लबांनी मतदान करून अनुक्रमे 25 लाख आणि 15 लाख पौंडांची मर्यादा घातली होती, पण संघटनेशी ठरलेल्या समितीत योग्य सल्लामसलत झाली नाही म्हणून लवादाचा निर्णय फेब्रुवारी 2021 मध्ये खेळाडूंच्या बाजूने लागला आणि मर्यादा रद्द झाली.

उमरेडचा निवृत्त खाणकामगार

वकीलसाहेबांनी कायदा नीट समजावून सांगितला. मी टेबलावरच्या गोष्टी सांगतो, कारण कोळसा उद्योगातील वेतन कराराच्या वाटाघाटी मी जवळून पाहिल्या आहेत.

आमचा अकरावा करार 1 जुलै 2021 पासून लागू व्हायचा होता, आणि त्यावर सह्या झाल्या मे 2023 मध्ये. उशीर झाला तरी आम्ही तग धरला, कारण जुना पगार चालू होता आणि मागची थकबाकी मिळणार हे ठाऊक होते. खेळाडूला हे परवडत नाही. तीन-चार वर्षांत कारकीर्द आटोपणाऱ्या माणसाचा एक हंगाम बुडाला तर तो कोणत्याही थकबाकीतून परत येत नाही, आणि हे मालकांना पक्के माहीत असते. 2011 मध्ये एनएफएलच्या मालकांनी मार्चपासून जुलैपर्यंत टाळेबंदी ठेवली. सामने झाले नाहीत तरी वाहिन्यांकडून पैसे येत राहावेत, अशी तरतूद त्यांनी आधीच प्रक्षेपणाच्या करारांत करून घेतली होती, आणि न्यायाधीश डेव्हिड डॉटी यांनी त्याबाबत मालकांना दोषी धरले. टाळेबंदीत कोण किती दिवस दम धरू शकतो हे टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला कळते, आणि आकडे त्यानुसारच ठरतात.

आता मर्यादेविषयी. माझ्या मते तिला मर्यादा म्हणण्यापेक्षा वाटणीचा हिशोब म्हणणे अधिक योग्य होईल. आधी लीगच्या उत्पन्नातील खेळाडूंचा हिस्सा ठरतो, जो 2020 च्या करारानुसार किमान 48 टक्के आहे, आणि त्यातून प्रत्येक संघाची मर्यादा निघते. म्हणूनच 1994 मध्ये 3 कोटी 46 लाख डॉलर असलेला आकडा 2025 पर्यंत आठपट झाला. फारसे प्रेक्षक नसलेल्या कोविडच्या हंगामानंतर तोच 19 कोटी 82 लाखांवरून 18 कोटी 25 लाखांपर्यंत खालीही आला होता. शिवाय मालकाने पैसे वाचवून बसू नये म्हणून खालची मर्यादाही आहे: 2011 च्या करारात प्रत्येक संघाने चार वर्षांच्या टप्प्यात मर्यादेच्या किमान 89 टक्के रक्कम रोख खर्च केली पाहिजे, अशी अट होती. आपल्या संघटनेला अशी अट कोणी देऊ केली असती, तर आपणही सही करण्याआधी बराच विचार केला असता.

पण एक गोष्ट मला खटकते. 2010 मध्ये नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला सॅम ब्रॅडफर्ड याला सहा वर्षांसाठी 7 कोटी 80 लाखांचा करार मिळाला. पुढच्याच वर्षी त्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे 2 कोटी 20 लाख मिळाले, कारण मधल्या करारात नवख्यांच्या वेतनाला वेगळी कात्री लागली होती. त्या करारावर मत देणाऱ्यांत पुढे येणारे नवखे नव्हतेच. खाणीत कायम कामगारांचा करार होतो आणि ठेक्यावरचा माणूस दाराबाहेर राहतो, हे पाहिलेल्या मला यात नवे काही वाटले नाही, पण बरेही वाटले नाही.

धरमपेठकर

काका, हिस्सा ठरवायचा तर उत्पन्नाचा खरा आकडा खेळाडूंना कोण दाखवतो? आमच्याकडे ताळेबंद छापून येतो, पण खासगी मालकांचे काय?

उमरेडचा निवृत्त खाणकामगार

तिथेच खरी ओढाताण होते. कोणते उत्पन्न वाटणीत धरायचे आणि कोणते वगळायचे, यावर त्यांचे करार अक्षरशः पानेच्या पाने भरलेले असतात, आणि लीगच्या हिशोबांची तपासणी करून घेण्याचा हक्क संघटना करारातच लिहून घेते. इतके करूनही सभासद खूश होतातच असे नाही. 2020 चा करार 1,019 विरुद्ध 959 अशा मतांनी कसाबसा मंजूर झाला, कारण त्यात हंगामाचा एक सामना वाढवण्याची मुभा मालकांना मिळत होती.

कामठीचा डिफेंडर

आपली चर्चा वाचून बरे वाटले, पण आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल, म्हणून लिहितो. भारतीय क्लबांना यातून मर्यादा तेवढी उचलता येते, आणि आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) संघाच्या वेतनखर्चावर ती आलेलीही आहे. मात्र मर्यादेसोबत तिकडे जे मिळाले, म्हणजे उत्पन्नातला हिस्सा, खर्चाची खालची पातळी आणि हिशोब तपासण्याचा हक्क, त्यातले काहीही इकडे आलेले नाही. बायचुंग भुतिया यांच्या पुढाकाराने 2006 मध्ये खेळाडूंची संघटना स्थापन झाली, तरी ती आणि क्लब यांच्यात वेतनाचा सामूहिक करार नाही. जुलै 2025 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशन आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातील 2010 पासूनच्या कराराच्या नूतनीकरणाचा वाद चिघळून आयएसएलचा हंगाम थांबवला गेला, तेव्हा काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. वाद दोन संस्थांचा होता आणि त्या टेबलावर खेळाडूंची खुर्चीच नव्हती.

मी त्या पातळीवर कधी पोहोचलो नाही. कामठीच्या मैदानांवर खेळून पुढे बाहेरच्या एका क्लबकडे दोन हंगाम होतो. दुसऱ्या हंगामात तीन महिन्यांचा पगार अडकला आणि विचारल्यावर दर वेळी पुढच्या सोमवारचा वायदा मिळाला. सही केलेल्या कराराची प्रत मागितली तेव्हा ती कार्यालयात सुरक्षित असल्याचे सांगण्यात आले. माझ्यासोबतचे काही जण अजून खेळतात आणि त्यांची स्थिती तशीच आहे. वकीलसाहेब, त्यांनी काय करावे?

सिव्हिल लाइन्सचे वकील

त्यांनी प्रथम कराराची प्रत लेखी मागावी, आणि ती मागणी ईमेलने पाठवून स्वतःकडे जपून ठेवावी. फिफाच्या हस्तांतरविषयक नियमांत 2018 पासून अशी तरतूद आहे की, दोन महिन्यांचे पगार थकले असतील तर खेळाडूने क्लबला लेखी नोटीस देऊन पैसे भरण्यासाठी किमान पंधरा दिवसांची मुदत द्यावी, आणि त्यानंतरही पैसे न आल्यास त्याला योग्य कारणास्तव करार संपवता येतो. देशांतर्गत वाद फेडरेशनच्या खेळाडू-दर्जा समितीपुढे नेता येतो. बँकेत जमा झालेल्या आणि न झालेल्या पगारांच्या नोंदी, सराव-सत्रांचे संदेश, प्रवासाची तिकिटे, असे जे काही हाताशी असेल ते तारीखवार लावून ठेवायला सांगा. नोटिशीचा मसुदा मी करून देईन, त्यासाठी फी लागणार नाही.