बीएस-४ ट्रक, दिल्लीची एंट्री आणि स्वस्तातली हरियाणा पासिंग गाडी: मदत हवी आहे

मंडळी, वाहतुकीच्या धंद्यातलं कुणी इथे असेल तर सल्ला हवा आहे. जो तो वेगळंच सांगतो आणि डोक्याची पार खिचडी झाली आहे.

आम्ही निफाड तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंतचे. मोठा भाऊ आणि मी मिळून दोन गाड्या चालवतो. दोन्ही दहा टायरी, २०१८ चं मॉडेल, बीएस-४ (इंजिनाच्या धुराचा सरकारी दर्जा; आकडा जितका मोठा तितका धूर कमी), एमएच १५ म्हणजे नाशिक पासिंग. सीझनला टोमॅटो आणि कांदा दिल्लीच्या आझादपूर मंडईला, येताना मिळेल ते रिटर्न भाडं. तिथल्या आडत्याशी वडिलांपासूनचा व्यवहार आहे. पेमेंट वेळेवर येतं, त्यामुळे ही लाइन सोडवत नाही.

आता १ नोव्हेंबर २०२५ पासून बाहेरच्या पासिंगच्या बीएस-३ आणि त्याखालच्या मालगाड्यांना दिल्लीत एंट्री बंद आहे. बीएस-४ ला ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत. त्यानंतर आत जायचं तर बीएस-६, सीएनजी, एलएनजी किंवा इलेक्ट्रिक. म्हणजे नवा लाल कांदा बाजारात यायला लागणार आणि नेमकं तेव्हाच आमचं दार बंद.

भाऊ म्हणतो, एक गाडी विकू आणि सेकंडहँड बीएस-६ घेऊ. तेवढ्यात एक एजंट वेगळंच घेऊन आला. सोनीपतकडची २०१६ ची दहा टायरी, दहा वर्षं भरत आली म्हणून मालक मातीमोल भावात काढतोय. "एनओसी काढू, एमएच १५ करून घ्या, बीएस-४ च आहे, अजून पाच वर्षं कुठं जात नाही." किंमत ऐकून भाऊ विरघळला. त्याचा हिशेब असा की ही लोकलला चालवू आणि आपल्या दोन गाड्या दिल्लीला तशाच पळवू, त्यांना कुठं दहा वर्षं झालीत?

मला हे पटत नाही. जी गाडी सोनीपतच्या हवेला चालत नाही, ती निफाडच्या हवेला कशी चालते? पण घरात हा मुद्दा काढला की "तू पर्यावरणवाला" म्हणून उडवतात. म्हणून नियमाचं विचारतो. दहा वर्षं न झालेली बीएस-४ नोव्हेंबरनंतर दिल्लीत जाईल का? आणि ती हरियाणाची गाडी घ्यावी का?

घाटमाथा:
तुमचे बंधू दोन नियमांची गल्लत करतायत. एक वयाचा, दुसरा इंजिनाचा.

वयाचा नियम एनजीटीचा म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाचा, एप्रिल २०१५ चा. दहा वर्षांवरची डिझेल गाडी दिल्ली-एनसीआरमध्ये (दिल्ली आणि भोवतालचे जिल्हे, सोनीपतही त्यातच) चालवायची नाही. २९ ऑक्टोबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं तो कायम केला. त्यात इंजिन कसलं, गाडी किती धूर सोडते, हे बघितलंच जात नव्हतं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टानं अशा गाड्यांवर सक्तीची कारवाई करू नका म्हटलं आणि डिसेंबरमध्ये ती सवलत बीएस-४ आणि त्यापुढच्यांपुरतीच ठेवली.

एंट्रीचा नियम हवा गुणवत्ता आयोगाचा. त्यात वयाचा संबंधच नाही. मार्च २०२० मध्ये शोरूममधून निघालेली बीएस-४ असली तरी ३१ ऑक्टोबरनंतर तिला दिल्ली बंद. तेव्हा तुमच्या २०१८ च्या दोन्ही गाड्या त्यात आल्याच. कांदा जीवनावश्यक आहे, सोडतील, या भरवशावर गाडी भरू नका.

दिल्लीत उतरायचंच नसेल, पंजाबला वगैरे जायचं असेल, तर पलवलवरून केएमपी (दिल्लीला वळसा घालणारा कुंडली-मानेसर-पलवल एक्सप्रेसवे) धरून बाहेरच्या बाहेर जाता येतं. मात्र तो रस्ताही एनसीआरमधूनच जातो, म्हणजे वयाचा नियम तिथंही लागू.

चेसिसप्रिंट:
आरटीओची कामं करतो, त्यामुळे हरियाणाच्या गाडीबद्दल बोलतो. "बीएस-४ च आहे" हे एजंटचं तोंडी की आरसीवरचं? हे आधी बघा, कारण खरी गोम इथंच आहे.

देशभर बीएस-४ सक्तीचं झालं १ एप्रिल २०१७ ला. दिल्ली-एनसीआरमध्ये ते २०१० पासूनच होतं, पण नॅशनल परमिटवर चालणाऱ्या मालगाड्यांना तेव्हा सूट होती. म्हणजे सोनीपतची २०१६ ची ट्रक बीएस-३ निघू शकते आणि त्यात कुणी फसवाफसवी केलेली असेलच असं नाही. तशी निघाली तर कोर्टाची सवलतही तिला नाही. मालक घाईघाईत का काढतोय ते मग वेगळं सांगायला नको. वाहन पोर्टलवर गाडी नंबर टाकला की नॉर्म्सचा (बीएस-३ की बीएस-४) रकाना दिसतो. तो बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

इकडे आणायला कायद्यानं अडचण नाही. तिकडची २८ नंबरची एनओसी, इकडे २७ नंबरचा फॉर्म, नाव बदलायला २९ आणि ३०, बोजा असेल तर बँकेचा ३५. पेंडिंग चलानं आधी मालकाकडून भरून घ्या. दहा टायरी मल्टी-ॲक्सलमध्ये (दोनपेक्षा जास्त आसांच्या गाड्यांत) येते, म्हणून नॅशनल परमिट पंधरा वर्षांपर्यंत मिळतं. सहा टायरीला बारा वर्षांनाच संपतं. पण आठ वर्षांवरची गाडी म्हणजे दरवर्षी फिटनेस, वर पर्यावरण कर. भाव करताना एजंट यातलं काही बोलणार नाही.

फ्रेमाँटकर:
कॅलिफोर्नियातून लिहितोय. इथे बॉर्डरवर अडवत बसत नाहीत, नोंदणीतच नाडी आवळतात. १ जानेवारी २०२३ पासून १४,००० पौंडांवरच्या डिझेल ट्रकचं इंजिन २०१० च्या आधीचं असेल तर नूतनीकरणच होत नाही. वर्षाला हजार मैलांच्या आत चालणाऱ्यांना वगैरे थोड्या सवलती आहेत. जुन्या ट्रक मग दुसऱ्या राज्यांत जातात, म्हणजे सोनीपत-निफाडचीच गोष्ट. मात्र त्यांना माल घेऊन कॅलिफोर्नियात परत यायचं असेल तर हाच नियम आडवा येतो.

पिंपळगावकर (धागाकर्ता):
सगळ्यांचे आभार. घाटमाथा यांचा प्रतिसाद भावाला मोठ्यानं वाचून दाखवला. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "दिल्लीच्या सीमेबाहेर, कुंडली गावाला माल दुसऱ्या गाडीत टाकू." कांद्याच्या गोणीचं एक वेळ जमेल, हमाली तेवढी डबल. टोमॅटोच्या क्रेटचं काय? पिकत आलेला माल दोनदा उचलला की खालच्या थरातनं पाणी सुटतं आणि आडत्या हिशेबाच्या पट्टीत तेवढं कापतो.

एजंटला पोर्टलचा स्क्रीनशॉट मागितलाय. काल "पाठवतो" म्हणाला, आज फोन उचलत नाही.

तर बहुतेक सेकंडहँड बीएस-६ च. ती घेताना काय बघायचं? आमचा सगळा अनुभव जुन्या इंजिनांचा.

ग्रीसगन:
आधी हे लक्षात घ्या की बीएस-६ चा बराच पैसा सायलेन्सरच्या लाइनमध्ये असतो. मोठ्या इंजिनाला बीएस-३ मध्ये एका किलोवॅट-तासामागे ०.१० ग्रॅम कण सोडायची मुभा होती, बीएस-४ ला ०.०२, बीएस-६ ला ०.०१. नायट्रोजन ऑक्साइड ३.५ वरून अर्ध्या ग्रॅमच्या आत आणले. हे काम डीपीएफ (काजळी अडवणारी जाळी) आणि युरियावाली एससीआर (नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी सिस्टिम) करते, आणि युरियाचा खर्च वाचवायला लोक हीच सिस्टिम बायपास करतात.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा युरियाच्या टाकीचं झाकण उघडा. कोरडी टाकी किंवा पाणी भरलेली दिसली तर तिथूनच माघारी फिरा. इंजेक्टरपाशी पांढरे खडे साचलेत का ते बघा. टेलपाइपमध्ये आतून बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ निघतं, काजळी आली तर आतली जाळी फुटलेली किंवा काढलेली. चावी फिरवल्यावर डीपीएफ आणि इंजिनचे दिवे लागून परत विझले पाहिजेत. लागलेच नाहीत तर कुणीतरी दिवाच काढलाय.

आणि आपली बीएस-४ विकायची तर ऑक्टोबरची वाट बघू नका. दिल्ली लाइनवाले सगळे एकदम विकायला काढतील तेव्हा भाव कोण देणार? दक्षिणेकडच्या लाइनला तिला अजून गिऱ्हाईक आहे.