अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीची डॉक्टरेट: विद्यापीठं कशी पारखायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी भाची पुण्यातून मानसशास्त्रात एमए झाली, आता अमेरिकेत अर्ज करणार आहे. बऱ्याच ठिकाणी मुदत डिसेंबरच्या सुरुवातीलाच संपते. एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, मानसशास्त्रज्ञांची तिथली संघटना) मान्यता नसलेल्या कोर्सवर आधीच काट मारली. मान्यता असलेल्यांना आकडे जाहीर करावेच लागतात: पदवीला किती वर्षं लागली, किती जणांनी मध्येच सोडलं, इंटर्नशिप आणि लायसन्स किती जणांना मिळालं. पण वर्गात सहा-सातच विद्यार्थी असतील तर एकाने सोडलं तरी टक्केवारी ढासळते. मग सावध कधी व्हायचं?

खरी घालमेल पैशांची आहे. पीएचडीला बहुतेकदा फी माफ आणि वर स्टायपेंड, साय.डी.ला (संशोधनापेक्षा पेशंटबरोबरच्या कामावर भर देणारी डॉक्टरेट) बहुधा सगळा भार स्वतःवर. तिला संशोधनापेक्षा पेशंटबरोबर काम करायची ओढ आहे. एवढं कर्ज काढावं का? माझं मन धजत नाही.

शिवाय माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत इंटर्नशिपला अमेरिकी नागरिकत्व लागतं, म्हणजे तो मोठा दरवाजा बंदच. व्हिसावर असलेल्यांनी काय केलं? आणि एखाद्या गाईडकडे सध्या शिकणाऱ्या मुलांना नेमकं काय विचारलं की खरं कळतं? यातून गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.