एअर पिस्तूलचे छर्रे: ४.४९ की ४.५०, आणि आठ का लागतात?

वाशीकर_१०मी:
एकाच कंपनीच्या ४.४९ आणि ४.५० मिमी हेडच्या (पुढच्या गोल भागाच्या व्यासाच्या) छर्र्यांच्या दोन डब्या आहेत, एका छर्र्याचं वजन ०.५३ ग्रॅम. साठ शॉटमध्ये चार-पाच शॉट दहाऐवजी आठ गुणांच्या वर्तुळात जातात, हात हलल्याचं जाणवतही नाही. दोष छर्‍यांचा की माझा, हे कसं तपासायचं?

ठाणे_पूर्व:
आधी हिशोब बघा. दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं, छर्रा ४.५ मिमी आणि रेषेला स्पर्श झाला तरी दहा. म्हणजे छिद्राचा मध्य केंद्रापासून ८ मिमीपर्यंत गेला तरी दहा मिळतात. आठ लागायला तो १६ मिमीच्या पलीकडे जावा लागतो. ४.४९ आणि ४.५० मधला फरक एवढं अंतर पाडूच शकत नाही. नियमित येणारे आठ ट्रिगरचे किंवा साइटचे (नेम धरायच्या खुणांचे) असतात. छर्‍यांमुळे नऊ-दहाच्या काठावरचे शॉट इकडेतिकडे होतात.

छर्‍यात पहिल्यांदा बघायचा तो स्कर्ट, म्हणजे मागचा पोकळ घेर. दिव्याखाली मागून आत बघा: काठ पूर्ण गोल हवा, दबलेला किंवा चीर गेलेला नको. दबलेल्या काठातून हवा निसटते आणि वेग बदलतो. लोकलच्या गर्दीत डबी बॅगेत खडखडत राहिली की हेच होतं, म्हणून डबीत फोमची चकती टाका.

फिटिंग बोटालाच कळतं. पिस्तूल लक्ष्याकडे रोखून छर्रा बसवा. स्कर्ट ब्रीचच्या (नळीच्या मागच्या टोकाच्या) तोंडाशी सपाट बसला पाहिजे. सैल सरकला किंवा मागे उरला तर दुसरं हेड घ्या. मायक्रोमीटर लावू नका, शिसं मऊ असतं, मोजतानाच दबतं.

ऐरोली_नेमबाज:
खरा निकाल ग्रुप देतो, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटची छिद्रं किती जवळ पडतात ते. पिस्तूलची फ्रेम रबर लावलेल्या शिकंज्यात धरा, हवेच्या सिलिंडरला कधीही पकडू नका. हे रेंजवर, कोचसमोरच करा. प्रत्येक डबीचे पाच-पाच शॉटचे किमान चार ग्रुप, आलटून पालटून, प्रत्येकाला नवा कागद. बाहेरच्या काठापासून काठापर्यंत मोजा, त्यातून ४.५ वजा करा. सगळ्यांत छोटा एक ग्रुप बघून भुलू नका, चारही सारखे येतात का ते बघा. जी डबी जिंकेल तिचा लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक) लिहून ठेवा आणि त्याच लॉटच्या आणखी डब्या घ्या. लॉट बदलला की चाचणी पुन्हा.

वजन करणार असाल तर ०.००१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. ०.०१ च्या काट्याने फरक दिसतच नाही.

कोपरी_ताई:
आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत, पावसाळ्यात तर हमखास, शिशावर पांढरी भुकटी येते. लाकडी कपाट टाळा, लाकडातून निघणारी आम्लाची वाफ शिसं खाते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल पुरतं. पांढरे पडलेले छर्रे पुसून मॅचला वापरू नका. आणि दादा, छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. मुलांना तर आधी सांगा.

वाशीकर_१०मी:
हिशोब पटला. म्हणजे शिकंज्यात दोन्ही डब्यांचे ग्रुप ३ मिमीच्या आत आले, तर आठ माझेच?

ठाणे_पूर्व:
हो. पण त्याआधी ब्रीचचा ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बघा. तो झिजला असेल तर चांगला छर्राही विखुरतो. आणि सिलिंडरचा दाब कंपनीने दिलेल्या किमान मर्यादेखाली जाऊ देऊ नका.