गोतावळा ग्रुप : चर्चमधल्या रविवारच्या उपासनेवरून

शालिनीआत्या: सलाम सगळ्यांना. परवा पापांची कबुली देणारा पापांगीकार नाही, श्रद्धा जाहीर करणारा विश्वासांगीकार नाही, ड्रम मात्र वीस मिनिटं. याला उपासना म्हणायचं का ऑर्केस्ट्रा?

विन्या: आत्या ड्रम होता म्हणून पोरं आत तरी बसली, नायतर पाळकांचा संदेश सुरू झाला की सगळी बाहेर चहाला

थोरले काका: जुन्या करारातला पहिला पाठ वाचलाच नाही.

रूथवहिनी: पेटी पण एकेकाळी नवीनच होती की ओ आत्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं आली तेव्हा पण कुणीतरी नाक मुरडलंच असेल

शालिनीआत्या: टिळकांच्या पदाला ताल होता रूथ, दणदणाट नव्हता.

सुनीलदादा: ताल धरायला तुम्ही वेळेत कुठं पोचता 😄

शालिनीआत्या: मी कमिटीत होते तेव्हा तू बाप्तिस्म्याला भोकाड पसरलेलंस, जपून बोल

थोरले काका: पहिला पाठ वाचलाच नाही. स्तोत्रही गाळलं.

विन्या: काका तुमचं वाचलं की मघाशी

थोरले काका: वाचलंस पण उत्तर कुणी दिलं नाय. ड्रमचं मला काय नाय. इंग्लंडच्या आर्चबिशप क्रॅन्मरनं 1549 ला प्रार्थनापुस्तक काढलं ते तिकडच्या लोकांना कळेल अशा भाषेतच काढलं. त्याच पुस्तकाच्या 1662 च्या आवृत्तीप्रमाणं रोज सकाळ-संध्याकाळ चाललं तर 150 स्तोत्रं महिन्यात पुरी होतात, शिव्याशाप रडणं सगळं तोंडातून जातं, आवडतं तेवढंच नाय. पाठ ठरलेले असले की पाळकांनाही अवघड भाग चुकवता येत नाय. परवा स्क्रीनवर यिर्मया 29:11, देवाच्या हिताच्या योजनांचं वचन, एकटंच, मागं सूर्योदय. वरच्याच वचनात बाबेलच्या बंदिवासाची सत्तर वर्षं आहेत ती कोण सांगणार?

रूथवहिनी: ते वचन माझ्या डीपीला आहे 🙈

सुनीलदादा: मग वहिनी आता सत्तर वर्षं डीपी बदलू नका

विन्या: पाठाचं पटलं काका. पण पुस्तकातली छापील उत्तरं सगळ्यांनी एका सुरात म्हणायची, मनापासून कोण म्हणतंय सांगा

शालिनीआत्या: अण्णा गेले तेव्हा मला एक शब्द सुचत नव्हता. दफनविधीतली तीच छापील वाक्यं म्हणत उभी राहिले.

सुनीलदादा: आजी प्रेस्बिटेरियन, आजोबा अँग्लिकन. 1970 ला नागपुरात सहा पंथांच्या मंडळ्या एक झाल्या, आपला ग्रुप राहिलाय

रूथवहिनी: या रविवारी पहिला पाठ विन्या वाचंल. ड्रम पण राहू दे, हळू.

विन्या: चालतंय. मोठा असंल तर आधी पाठवा, शाहू स्टेडियमला मॅच आहे

शालिनीआत्या: मॅच चारला, उपासना साडेनऊला. आणि बाकावरची पुस्तकं स्टोअरात कुणी टाकली?

सुनीलदादा: हा मेसेज डिलीट केला आहे