शब्दचर्चा : फोटो ‘काढून ठेवणे’

दांडिया बाजार, वडोदरा

‘फोटो काढून ठेव’ याचा तुम्ही काय अर्थ घ्याल? आईच्या फोनमधली जागा भरत आली होती, म्हणून मी भाच्याला सांगितलं, “आजीचे फोटो तुझ्याकडे काढून ठेव रे.” पोरगा हुशार आहे. घरच्या जुन्या कॉम्प्युटरला मोठी डिस्क लावून त्याने स्वतःची साठवण उभी केली आहे, दर महिन्याला कुणाला पैसे भरायला नकोत म्हणून. त्याने केबल लावली, एडीबीची (कॉम्प्युटरवरून अँड्रॉइड फोनला आज्ञा देणारं साधन) ‘पुल’ आज्ञा देऊन कॅमेऱ्याचा अख्खा फोल्डर ओढून घेतला आणि फोन रिकामा केला.

संध्याकाळी शेजारच्या काकूंना नातीच्या बारशाचे फोटो दाखवायला आईने फोन उघडला, तर एकही फोटो नाही. ती काही बोलली नाही, फोन पदराने पुसत बसली. भाचा म्हणतो, “मामा, तूच म्हणालास ना, काढ म्हणून?” फोटो सगळे डिस्कवर शाबूत आहेत. पण माझं वाक्य चुकलं का? मग बरोबर वाक्य कोणतं?

रावपुरा

भाच्याला बोल लावू नका, त्याने मराठी नीट ऐकलं. ‘काढणे’ म्हटलं की ज्यातून काढायचं ते कमी होतं. डब्यातून लाडू, विहिरीतून पाणी, बँकेतून पैसे. काढून घे, काढून ठेव, काढून टाक, तिन्हींत मुळात घट ठरलेली. काढलेलं पुढे कुठे जातं एवढंच दुसरं क्रियापद सांगतं. ‘फोटो काढणे’ म्हणजे टिपणे, ते रांगोळी काढणे, चित्र काढणे यांच्या घरातलं. तिथे नसलेलं उमटतं. दोन्ही अर्थ एकाच फोनवर भेटतात आणि घोटाळा होतो.

तुम्हाला हवं होतं ते क्रियापद आपण शाळेत रोज ऐकलं आहे. फळ्यावरचं उतरवून घ्या! उतरवून घेतल्याने फळा कोरा होत नाही. पोथ्याही अशाच उतरवून घेत. नुसतं ‘उतरवणे’ मात्र चालणार नाही, सामान उतरवलं की टेंपो रिकामा होतो. ‘घेणे’ जोडलं की मगच मूळ जागच्या जागी राहतं.

कारेलीबाग

क्रियापद पटलं. नामाचं काय? आपण वडोदऱ्याची माणसं गुजरातीच्या वळणाने पटकन ‘नकल’ म्हणतो. गुजराती पुस्तकात ‘नकल १०००’ छापतात, मराठीत त्याच जागी ‘प्रती १०००’. मराठी कानाला ‘नक्कल’ म्हटलं की कुणीतरी कुणाचे तरी हावभाव करून दाखवतंय असं वाटतं, नाहीतर अस्सल-नक्कल आठवतं. आईच्या फोटोंना मला तो शब्द लावायचा नाही.

माझी सूचना : स्थळप्रत. मूळ पत्र बाहेर जातं आणि कचेरीत जी प्रत राहते ती स्थळप्रत. फोन गावभर फिरतो, हरवतो, पाण्यात पडतो, आणि घरात राहते ती स्थळप्रत. शब्द जुना आहे, फायलींवर वापरून झिजलेला आहे, नवा घडवायची गरज नाही. ज्या बडोदे संस्थानाने १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांसाठी आठ भाषांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढला, तिथल्या माणसांनी कचेरीतला शब्द फोनसाठी घ्यायला का बिचकावं?

मांजलपूर

‘स्थळप्रत’ मला फार आवडला, पण एक अट घालायला हवी, कारण माझं नुकसान झालं आहे. मी रोज रात्री आरसिंक चालवतो, म्हणजे एका जागच्या फायली दुसऱ्या जागी नेणारी आज्ञा. ते १९९६ पासून आहे आणि त्याची खुबी अशी की जेवढं बदललं तेवढंच नेतं. मी त्याला ‘डिलीट’ हा पर्याय जोडला होता. मुलीच्या हातून फोनमधला नवरात्राचा फोल्डर पुसला गेला आणि त्याच रात्री डिस्कवरचाही गेला. मी त्याला दोन वर्षं ‘बॅकअप’ म्हणत होतो. तो आरसा होता. आरशासमोरून माणूस उठला की आरशात काही उरत नाही. याला हवं तर ‘प्रतिबिंब’ म्हणा, पण स्थळप्रत म्हणू नका. मूळ गेल्यावरही जी राहते तीच स्थळप्रत.

आरसिंकमध्ये फाइल नेल्यावर मूळ पुसणारा पर्यायही आहे, ‘रिमूव्ह सोर्स फाइल्स’. रावपुऱ्याचं म्हणणं खरं धरलं तर मराठीत ‘काढून ठेव’ म्हणजे नेमका तोच. आणि ‘ड्राय रन’ला आम्ही घरी ‘तालीम’ म्हणतो. काय जाईल, काय पुसलं जाईल, ते आज्ञा नुसतं दाखवते, कशाला हात लावत नाही. आता तालीम केल्याशिवाय मी डिलीट लावत नाही.

रावपुरा

प्रत मुळाबरहुकूम उतरली का हे पडताळायला फाइलवरून जो छोटा आकडा काढतात, त्या ‘चेकसम’ला शब्द शोधूच नका, तो घरातच आहे : ताळा. गुणाकार झाला की आकड्यांची बेरीज करून ताळा बघायचो, आठवतं? मोठ्या संख्येवरून लहान संख्या काढायची आणि दोन्हीकडची जुळते का पाहायचं. इथेही तसंच. फरक एवढा की अंकांची अदलाबदल झाली तर आपल्या ताळ्याला कळत नसे. शा-२५६ या चेकसमच्या पद्धतीचा ताळा फाइलमधला एक बिट बदलला तरी जमणार नाही.

दांडिया बाजार

सगळ्यांचे मनापासून आभार. काल भाच्याला नवा निरोप धाडला : “आजीच्या फोनमधले फोटो उतरवून घे, ताळा जमला का बघ, फोनमधलं काही काढू नकोस.” त्याने एकही प्रश्न विचारला नाही. ‘पुल’ला ‘ए’ हा पर्याय जोडून फायलींच्या मूळ तारखाही राखल्या. पहिल्या वेळी ते राहिलं होतं आणि सगळ्या फायलींवर त्याच दिवसाची तारीख पडली होती.

‘रिस्टोअर’ला काय म्हणावं हे विचारणार होतो, पण बारशाचे फोटो फोनमध्ये परत आले तेव्हा आईच म्हणाली, “भरलेस का रे सगळे परत?”