‘टेन्युअर’ला ‘कायम’ म्हणावे का?

अनुस्वार:
एका अमेरिकी विद्यापीठाच्या प्राध्यापकांसाठी असलेल्या नियमपुस्तिकेतील एक प्रकरण माझ्याकडे अनुवादासाठी आले आहे. टेन्युअर, म्हणजे मुदत नसलेली पक्की नेमणूक, मिळालेल्या प्राध्यापकाच्या कामाचे ठरावीक वर्षांनी मूल्यमापन होते आणि त्याचा निष्कर्ष मान्य नसल्यास त्याला अपील करता येते, असा त्याचा विषय आहे. मी ‘कायम प्राध्यापक’ असे लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘पदावधीप्राप्त प्राध्यापक’ असे केले. पदावधी म्हटले की मला अध्यक्षांचा किंवा सदस्यांचा, म्हणजे कधीतरी संपणारा काळ आठवतो. ज्या नोकरीला मुदत नाही हेच तिचे वैशिष्ट्य, तिला हा शब्द कसा शोभेल?

जुनी वही:
पदावधी नकोच, पण ‘कायम’ही तोकडा पडतो. परिविक्षा, म्हणजे नोकरीतला चाचणीचा काळ, संपली की कचेरीतला लिपिकही कायम होतो. अमेरिकी प्राध्यापकांच्या संघटनेने १९४० साली महाविद्यालयांच्या संघटनेबरोबर जे निवेदन काढले, त्यात परिविक्षा सात वर्षांहून लांबू नये आणि त्यानंतर पुरेशा कारणावाचून सेवा संपवू नये, असे म्हटले आहे. त्यामागचा हेतू अध्यापनाचे आणि संशोधनाचे स्वातंत्र्य राखणे हा होता. ‘टेन्युअर’च्या मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘धरून ठेवणे’ असा आहे. आपल्या सेवानियमांत ‘धारणाधिकार’ हा सुंदर शब्द तयार असताना शोधाशोध कशाला?

रुळावरचा:
तो शब्द तयार आहे, पण मोकळा नाही. धारणाधिकार म्हणजे दुसऱ्या पदावर गेलेल्या कर्मचाऱ्याचा मूळ पदावर राहिलेला हक्क. आस्थापना शाखेत काम केलेल्या कोणालाही विचारा. व्युत्पत्ती जुळते म्हणून नांदता शब्द दुसऱ्याच्या घरी पाठवता येत नाही.

मधली सुट्टी:
माझ्या मते अनुस्वार यांची खरी अडचण टेन्युअर ही नसून ‘अपील’ ही आहे. मी परदेशातील एका विद्यापीठात तीन वर्षे अपील समितीवर होते. अपील म्हटले की वरचे न्यायालय पुरावा पुन्हा तपासून वेगळा निकाल देईल, अशी मराठी वाचकाची समजूत होते. आमच्या समितीला तो अधिकारच नव्हता. ठरलेली पद्धत पाळली गेली का, सादर केलेली कागदपत्रे वगळली गेली का, आकस होता का, विचारस्वातंत्र्यावर गदा आली का, एवढेच आम्ही पाहू शकत होतो. एका प्राध्यापकाचे अध्यापन ‘असमाधानकारक’ ठरले होते. विभागाच्या नियमानुसार दोन सहकाऱ्यांनी वर्गात बसून निरीक्षणपत्र भरायला हवे होते. फायलीत एकच पत्र होते, दुसऱ्याच्या जागी कोरा नमुना टाचलेला होता. आम्ही प्रकरण परत पाठवले. दोन महिन्यांनी दुसरे पत्र भरून आले आणि शेरा तोच राहिला. ते गृहस्थ मला जिन्यात भेटले आणि म्हणाले, “म्हणजे मी अपील जिंकलो की हरलो?” मला उत्तर देता आले नाही.

जुनी वही:
मग त्याला ‘पुनर्विचारप्रार्थना’ म्हणावे. अपील हा परका शब्द हवाच कशाला?

रुळावरचा:
प्रार्थना देवळात करावी. कायद्याच्या मराठीत अपील, पुनर्विलोकन आणि पुनरीक्षण अशा तीन वेगळ्या वाटा आहेत. ज्याने निर्णय दिला त्यानेच तो पुन्हा पाहणे म्हणजे पुनर्विलोकन. मधली सुट्टी यांनी सांगितलेला प्रकार यांपैकी एकातही नीट बसत नाही, कारण समिती वेगळी असते, निर्णय मात्र पुन्हा मूळ मंडळीच देतात. शिवाय इंग्रजीत मूल्यमापनालाही ‘रिव्ह्यू’च म्हणतात. तेव्हा अनुवादात ‘पुनर्विलोकनाविरुद्ध पुनर्विलोकन’ लिहिण्याची वेळ येणार नाही, एवढे पाहावे.

शिळोप्या:
साध्या मराठीत ‘दाद मागणे’ आहे की! दाद आणि साद ही भावंडेच, आणि अपीलचा लॅटिन अर्थही हाक घालणे असाच आहे.

मधली सुट्टी:
यमक जुळले म्हणून नाते जुळत नाही. साद हा शब्द ‘शब्द’ या संस्कृत शब्दापासून आला आणि दाद फारसीतून. तिथे त्याचा अर्थ न्याय. जुनी वही यांना तोही परका वाटेल. तरीही ‘दाद मागणे’ मला आवडते, कारण दाद कोण देईल आणि किती देईल याचे कोणतेही आश्वासन त्यात नाही. अडचण एवढीच की मूल्यमापनाविरुद्ध दाद मागणारा प्राध्यापक कामाचे कौतुकच मागतो आहे, असेही कोणी वाचेल.

रुळावरचा:
‘वर दाद मागणे’ यातल्या ‘वर’कडेही पाहा. फ्लोरिडात २०२३ साली झालेल्या कायद्याने प्राध्यापकांच्या मूल्यमापनाचे आणि बडतर्फीचे निर्णय विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या पलीकडे अपिलात नेण्यास मनाई केली. म्हणजे बाहेरच्या लवादाचा दरवाजा बंद झाला. ज्या प्रशासनाने निर्णय दिला त्याच्याच प्रमुखाकडे जाणे, याला मी अपील म्हणायला कचरतो. गाऱ्हाणे म्हणेन.

जुनी वही:
गाऱ्हाणे आणि अपील यांची गल्लत करू नये. अनेक विद्यापीठांत दोन्हींच्या समित्या निराळ्या असतात: मूल्यमापनाचा शेरा एकीकडे, वागणुकीची किंवा कामाच्या वाटपाची तक्रार दुसरीकडे. चुकीच्या खिडकीवर अर्ज दिला की मुदत निघून जाते, आणि ही मुदत बहुधा दिवसांतच मोजलेली असते.

शिळोप्या:
तक्रार हा शब्द अरबी आहे, हे जाता जाता.

अनुस्वार:
सर्वांचे आभार. ‘टेन्युअर’ मी देवनागरीतच ठेवले आणि प्रथम उल्लेखापाशी ‘पुरेशा कारणावाचून संपवता न येणारी सेवा’ असा खुलासा जोडला. ‘अपील’ही ठेवले आहे. संपादकांचे उत्तर आताच आले. टेन्युअरविषयी त्यात चकार शब्द नाही. ‘अपील फेटाळले’ हे चूक असून ‘अपील फेटाळली’ असे हवे, असे ते म्हणतात.

रुळावरचा:
अपील मराठीत नपुंसकलिंगी आहे. ते स्त्रीलिंगी हिंदीत. संपादकांना माझ्या वतीने कळवा.

शिळोप्या:
माझे वडील वकील होते आणि ते ‘अपील केली’ असेच म्हणत.